टाकी काही भरेना

...नाही, पण मी म्हणते, एका टाकीला दोन नळ कशाला? एक भरणार, दुसरा रिकामी करणार, आणि ती किती वेळात भरेल ते मी सांगायचं! अहो, आधी तो दुसरा नळ बंद करा ना! तुम्हाला सांगते, बावीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढली, भल्याभल्या पेशंटांना गप्प झोपवलं, पण त्या टाकीपुढे हात टेकले.

म्हणाल, या वयात टाकी कुठून आली? गुडघ्यांतून! दिवसभर उभं राहवेना. म्हटलं, हॉस्पिटल चालवण्याची ती मोठी पदवी घ्यावी, खुर्चीतलं काम मिळेल. तर तिला प्रवेश परीक्षा, परीक्षेत गणित, आणि गणित माझं दहावीला सुटलं... उत्तर नाही हो, संगत सुटली! तरी गुपचूप फॉर्म भरला, नाही जमलं तर कोणाला कळतंय? पण फॉर्मवर सही लागते मेट्रनबाईंची! वॉर्डाच्या मधोमध टाळ्या वाजवून, "ऐका गं सगळ्या, आपल्या सिस्टर परीक्षेला बसतायत!" झालं! पेशंट शुभेच्छा द्यायला लागले, एकाने तर भूल उतरता उतरता दिल्या. आता मागे फिरायची सोय आहे का? नाही!

हातात अकरा आठवडे. आमचे हे बसगाड्यांची वेळापत्रकं आखतात. म्हणाले, "आधी नियोजन!" पहिला आठवडा तक्ता आखण्यात गेला... अपूर्णांक हिरवे, शेकडेवारी पिवळी. दुसरा, तो कुठल्या भिंतीवर लावायचा यात. तिसऱ्यात माझी ड्युटी बदलली, की तक्ता नवा! "राहिलेलं रविवारी भरून काढ गं." पाचव्या आठवड्यापर्यंत माझ्या एका रविवारात सत्तावीस तासांचा अभ्यास जमला! घरी तक्ता, वॉर्डात मेट्रनबाई, "काय, कुठवर आलं?" कुठं पळू, सांगा? मागे फिरायची सोय आहे का? नाही!

मग लेक बसली शिकवायला. सातवीतली! "आई, आधी छेद समान कर." करते गं. "आई, हे आम्ही पाचवीत केलं." बरं गं. "आई, बोटांवर मोजू नकोस ना!" बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. आणि रडताना डोक्यात काय? ही बादली किती वेळात भरेल!

आठव्या आठवड्यात एका दुपारी लेक घराची किल्ली न्यायला वॉर्डाच्या दारात आलेली, आणि डॉक्टर फेरीवर. "सिस्टर, पाचशे मिली सलाइन, चार तासांत." मी चालता चालताच म्हटलं, "मिनिटाला एकतीस थेंब." लावलं, थेंब मोजले, पुढच्या खाटेकडे वळले, तर ही डोळे विस्फारून, "आई, कसं काढलंस?" त्यात काय काढायचंय? एका मिलीचे पंधरा थेंब, म्हणजे पाचशेचे साडेसात हजार, चार तासांची दोनशे चाळीस मिनिटं, भागायचं... लेक हळूच म्हणाली, "अगं आई, हीच तर ती टाकी!"

खाटेचा कठडा धरून उभी राहिले हो मी. बावीस वर्षं रोज टाकी भरत होते, कोणी सांगितलंच नाही! घरी येऊन तक्ता उतरवला. टाकी म्हणजे पेशंट, भरणारा नळ म्हणजे सलाइन, आणि रिकामी करणारा... तो कळला ना? मग भराभर सुटायला लागलं!

परीक्षा दिली. आजूबाजूला सगळी बाविशीतली पोरं, एकीने मलाच विचारलं, "मॅडम, पेपर तुम्ही वाटणार का?" पण पास झाले! यादीत शेवटून तिसरी, पण झाले! म्हटलं, सुटले बाई एकदाची त्या आकड्यांतून.

काल प्रवेशाचं पत्र आलं. पहिलं सत्र, विषय पहिला... संख्याशास्त्र! खाली बारीक अक्षरांत, "विद्यार्थ्याचे गणित पक्के आहे असे गृहीत धरले आहे."

धरा बाबांनो, धरा! घरात, वॉर्डात सगळे तेच तर करतात... तुम्ही कशाला मागे राहता?