विरुपाक्षआप्पाचे दोन अँटिव्हायरस

...न्हाई, पण मी म्हणतो, एक घ्यायचा ना माणसानं! एक! अँटिव्हायरस म्हंजे काय बैल हाय का, जोडीनंच लागायला? आन् लॅपटॉप तरी कसा? पुण्याच्या कुण्या सायबानं वापरून वापरून टाकलेला, बटनांवरची अक्षरं पुसलेली, बॅटरी मेलेली. चालू केला की गंगासागरकाकूनं पीठ मळायला घ्यायचं, भाकरी व्हायच्या, जेवणं व्हायची, खरकटं निघायचं, तवा कुठं पडद्यावर ते हिरवं रान उगवायचं... आन् उगवलं रे उगवलं की लाईट गुल! अहो, त्या लॅपटॉपचा जीव तो केवढा!

तुमाला सांगतो, दिंद्रुडच्या पल्याड आमचं गाव, आन् गावात काकूच्या मालकाचं, विरुपाक्षआप्पाचं, किराणा दुकान. माणूस लई चांगला. खोड एकच, तोंडातून 'न्हाई' हा शब्द निघत न्हाई. गावात पार्ट्या दोन. अंगदराव मागले सरपंच, बद्रीअण्णा आत्ताचे, आन् दोघांचं इतकं वाकडं की एक खोकला तर दुसरा खोकला दाबून धरतो. गणपती बी दोन. आप्पा एका मिरवणुकीतून आला की घरी येऊन शिकेकाईनं डोकं धुणार, मंग दुसऱ्या मिरवणुकीला जाणार, का तर ह्याचा गुलाल त्याला दिसाया नको! गिऱ्हाईक दोन्हीकडचं, कबूल हाय, पण डोकं तरी किती धुवावं माणसानं?

लॅपटॉप आणला लेकीसाठी. प्रणिता अंबाजोगाईला कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. तिनं सोता एक प्रोग्राम लिहिलेला, गावाचं नाव टाकलं की तिकडं जाणारी एसटी किती वाजता ते सांगणारा. शुक्रवारी कॉलेजात दाखवायचा. दाखवला तर पास, न्हाई तर वर्ष गेलं, आन् वर्ष गेलं की मामा टपूनच बसलेला, "पुरं झालं आता शिक्षान, लातूरचं स्थळ हाय!" पोरगी नुसती काळजीनं वाळून चाललेली.

आन् अशात शिरला व्हायरस! कुण्या मैत्रिणीच्या पेनड्राइव्हातून आला. तसा गरीबच. हरेक फोल्डराच्या पोटात त्याच नावाचं एक पिल्लू फोल्डर घालायचा. उघडलं की त्यात अजून एक. त्यात अजून एक. शेवटी आत काय? काय बी न्हाई! प्रणिता म्हणाली, "आप्पा, एक अँटिव्हायरस आणा. पण हलका आणा हां! भारी आणलात तर हे जागचं हलायचं न्हाई."

आता हे आप्पानं दुकानात बोलावं का? पण बोलला! अंगदराव तिथंच सुपारी कातरत बसलेले. "कावून घाबरता आप्पा? आपला भाचा बसलाय ना माजलगावात! बड्या कंपनीचा देतो बसवून."

"हलका हाय ना, अंगदराव?"

"हलका? आप्पा, आपण हलकं देतो का कुणाला कधी?"

झालं! भाचा आला, बसवून गेला. आता भाकरी होऊन, भांडी घासून, काकूची डुलकी होईस्तोवर हिरवं रान उगवंना. प्रणितानं कपाळाला हात लावला. अहो, त्या लॅपटॉपचा जीव तो केवढा!

आन् दुसऱ्या दिशी सकाळी सकाळी बद्रीअण्णा दारात. असे मान खाली घालून, घरात कुणी गेल्यागत. "आप्पा, ऐकतोय ते खरं का? तिकडला बसवला म्हणं? बसवा, बसवा. आमी कोण तुमचे? आमच्या मेव्हण्याचं बी बीडात त्येच दुकान हाय, पण असू द्या..."

आता इथं काय म्हणायचं माणसानं? 'अण्णा, आता झालं, पुढल्या टायमाला बघू.' संपला विषय! पण आप्पा काय म्हणाला? "छे छे अण्णा! तुमचीच तर वाट बघत होतो!"

मेव्हणा फटफटीवर आला आन् अण्णाचा बी बसवून गेला. डब्यावर कंपनीचं नाव काय होतं, कुणी वाचलं बी न्हाई. एक अंगदरावाचा, एक अण्णाचा. आन् मंग आत जी जुंपली! अंगदरावाचा उठायचा, लाल पाटी दावायचा, की घरात संशयास्पद इसम घुसलाय! अण्णाचा त्याच्यावर पिवळी पाटी आणायचा, की संशयास्पद कुणाला म्हणतो बे, आधी तुझी कागदं दाव! ह्यानं त्याला धरायचं, त्यानं ह्याला धरायचं, लॅपटॉप बिचारा तव्यासारखा तापलेला, मांजर येऊन त्याच्यावर झोपतंय, आन् व्हायरस बाजूला निवांत पिल्लं घालतोय! त्याच्याकडं बघायला सवड कुणाला?

प्रणिता म्हणाली, "आप्पा, एक काढते." आप्पा पांढराफटक! "कुणाचा काढती? ह्याचा काढला तर ते काय म्हणतील, त्याचा काढला तर हे काय म्हणतील? समजुतीनं घे, बाई." आता मशिनीला काय समजूत घालायची, सांगा बरं?

आन् गुरुवारी, उद्या कॉलेजात जायचं, तर ज्यांचं जन्मात पटलं न्हाई त्या दोघांचं एकाएकी एकमत झालं! कशावर? प्रणिताच्या प्रोग्रामवर! हा कोण? हा कुठल्या कंपनीचा न्हाई, ह्याच्या मागं कुणी न्हाई, म्हंजे अपक्ष! टाका आत! दोघांनी मिळून तिची एसटी उचलली आन् कोंडून घातली!

पोरगी ढसाढसा रडली हो. रडता रडता उठली आन् म्हणाली, "आप्पा, तुमी कुणालाच न्हाई म्हणत न्हाई, म्हून तुमच्या लेकीलाच सगळे न्हाई म्हणत्यात!"

आप्पाला लई लागलं. गंगासागरकाकू बी हातातलं पीठ तसंच घेऊन दारात उभी. आप्पानं उठून दुकानाकडलं दार लावून घेतलं, आवाज अगदी बारीक केला आन् म्हणाला, "काढ. दोन्ही काढ."

प्रणितानं आधी आपला प्रोग्राम सोडवून घेतला, मंग दोघांना बी हाकललं. लॅपटॉपनं असा श्वास टाकला म्हणता! व्हायरस र्‍हायला, राहू दे. रातभर बसून तिनं गव्हातले खडे काढल्यागत त्याची पिल्लं तेवढी काढून टाकली. शुक्रवारी गेली. सरांनी लिंबागणेश गाव टाकून बघितलं, एसटी निघाली. ती गाडी कधीचीच बंद झालीय, पण ते काय प्रणिताच्या हातात हाय का? पास झाली! मामा लातूरकराला नकाराचा निरोप द्यायला गेला.

इथं संपायला पायजे होतं ना? पण पेढे वाटताना अंगदराव आन् अण्णा, दोघं एकाच टायमाला दुकानात! "बोला आप्पा, पोरगी पास झाली. कुणाच्या अँटिव्हायरसनं?"

आप्पानं ह्याच्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, उपरण्यानं मान पुसली आन् म्हणाला, "आता... तिसराच हाय. लई हलका हाय. फुकटात आला, कामाला आडवा येत न्हाई, आन् त्याला घालवणं कुणाला जमलं न्हाई."

दोघं बी सरपंच गडी. जो कुणाच्यानं हलत न्हाई तो लगीच ओळखीचा निघतो. अंगदराव म्हणाले, "म्हंजे आपलाच माणूस!" अण्णा म्हणाले, "आपलाच कसा? पयल्यापासून आमच्यात हाय तो!" आन् दोघांनी खिशातून पेनड्राइव्ह काढून आप्पाच्या पुढ्यात धरला. "द्या भरून. आपल्या हापिसात बी टाकतो."

आप्पाच्या तोंडाकडं बघितलं मी. एकदा न्हाई म्हणून दमला होता बिचारा. दिला भरून! दोघांना बी!

तवापासून गावात भांडण न्हाई. आता पंचायतीत घराचा उतारा मागायला गेलं की सायेब फोल्डर उघडतो, त्यात फोल्डर, त्यात अजून एक, आन् शेवटी आत काय बी न्हाई... जाऊ द्या हो. कॉम्प्युटर यायच्या आधी तरी काय निघत होतं!