गच्चीचा जिना

(भरदुपार. पुरात अडकलेल्या शाळेतून मुख्याध्यापिका ताईचा फोन, आपत्ती नियंत्रण कक्षातल्या धाकट्या भावाला.)

ताई : पुन्हा तेच! अरे, बोट पाठव म्हणतेय मी.

भाऊ : ताई, तुमची शाळा निवारा केंद्र आहे. लोकांना सोडवून तिथेच आणतात. निवाऱ्यावरून माणसं काढायला बोट देत नाहीत.

ताई : पाणी बाकांवर आलंय. त्रेसष्ट माणसं आहेत. म्हाताऱ्यांना टेबलांवर उभं केलंय.

भाऊ : मग गच्चीवर जा ना!

ताई : कशी?

भाऊ : मागच्या जिन्यानं. निवारा केंद्रांच्या यादीत आहे. 'गच्चीला जिना : आहे.'

ताई : तो नकाशातच राहिला. बांधलाच नाही कधी. कुणी केली ही यादी?

भाऊ : मी केली.

ताई : तू? इथे तर कुणी पाहणीला फिरकलंच नाही!

भाऊ : एका दिवसात एकवीस इमारती बघायच्या होत्या. तुझी शाळा म्हणजे घरचीच, म्हटलं कुठे पळून जातेय. नकाशा समोर होता, खूण करून टाकली.

ताई : एक फोन करायचास मला.

भाऊ : तू जेवायला घरी बोलावलं असतंस. खूप दमलो होतो गं.

ताई : साहेबांना सांग. आत्ता.

भाऊ : नोकरी जाईल, ताई. थांब, बघतो काहीतरी. (फोन चालू ठेवून, मागे वळून) साहेब, शाळेच्या केंद्रावर बोट हवी. जिना... जिना खचलाय.

साहेब : थोडाफार खचला असेल तर चढू दे त्यांना जपून. बोट एकच आहे आणि दवाखान्याच्या छपरावर पेशंट बसलेत.

भाऊ : जिना नाहीच, साहेब. कधीच नव्हता. मी न बघता लिहिलं. आत माझी बहीण आहे.

साहेब : अरे देवा. तुझं नंतर बघतो. दवाखान्याकडची फेरी झाली की बोट तिकडे वळवू. चाळीस मिनिटं तरी लागतील.

भाऊ : ताई, ऐकलंस?

ताई : ऐकलं.

भाऊ : पाणी चढतंय का अजून?

ताई : हो.

भाऊ : ताई, माझ्यामुळे...

ताई : रडू नकोस. रडायला इथे पुष्कळ जण आहेत. मी सगळ्यांची नावं सांगते, एकेक करून लिहून घे.

भाऊ : कशाला?

ताई : असावीत बाहेर कुणाकडे तरी. कागद घेतलास का?