डासांचा नकाशा

डेंग्यूनं फणफणलेल्या पोरीला मांडीवर घेऊन आई दवाखान्याच्या बाकावर बसली होती. बाप शेजारी. खिडकीमागच्या कंपाउंडरचे कान तिकडेच होते.

“अहो, पालिकेनं लोकांना नकाशावर डास नोंदवायला सांगितलं, आणि तुमच्या सोसायटीनं आपली इमारत कोरी ठेवली?” आईनं विचारलं.

“अगं, लाल ठिपका पडला की फ्लॅटचा भाव पडतो.”

“मग आपले डास गेले कुठे?”

“समोरच्या इमारतीवर टाकले.”

“म्हणून फवारणीची गाडी तिकडे गेली!”

“आणि त्यांचे डास आपल्याकडे आले. लोक किती स्वार्थी असतात, बघ!”

कंपाउंडरनं खिडकीतून विचारलं, “पेशंटचा पत्ता? नकाशावर टाकायचाय.”

बाप खाकरला. “समोरच्या इमारतीचा लिहा.”

“मग बापाचं नावही तिथलंच कुणाचं तरी लिहा,” आई म्हणाली.