अहवाल येईपर्यंत

डॉक्टर : इंजेक्शन कुठे दिलंत, काका?

औषधवाले : मागच्या पायात. पुढचा पाय बाहेर काढेना. कासवाशी कुस्ती कोण खेळणार?

मुलगी : तीन आठवडे हेच चाललंय, डॉक्टर. आधी एक गोळी कुटून काकडीला लावली. नाकातले बुडबुडे थांबले, की बंद. परत आले, की दुसरी गोळी. आता इंजेक्शन. औषधाचं दुकान घरचंच, मग विचारायचं कोणाला?

औषधवाले : चाळीस वर्षं औषधं विकतोय मी. अगदीच अडाणी नाही.

डॉक्टर : माणसांची, काका. याच्या मागच्या पायातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जातं, आणि हे औषध मूत्रपिंडाला जड. त्यात अंगात पाणी नाही. डोळे बघा किती आत गेलेत. ठेवता कुठे याला?

मुलगी : बाथरूममध्ये. आई होती तेव्हा भाऊजी रोज सकाळी उन्हात असायचे.

डॉक्टर : भाऊजी?

मुलगी : आईनं ठेवलेलं नाव. ताटं वाढली की हजर, आणि तोंडातून चकार शब्द नाही.

डॉक्टर : अंग थंडगार आहे याचं. गार अंगात औषधही धड काम करत नाही. आज ऊब देऊ, अंगात पाणी भरू. घशातला नमुना तपासायला पाठवते. कुठल्या औषधानं हे जंतू मरतात, ते चार दिवसांत कळेल. तोवर अँटिबायोटिक बंद.

औषधवाले : चार दिवस? मान ताणून श्वास घेतोय तो. तुमच्या कपाटात ते भारीतलं औषध आहे, मला दिसतंय इथून. ते द्या.

डॉक्टर : ते शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायचं औषध आहे. अंदाजानं नाही द्यायचं. अजून तोंड मिटून श्वास घेतोय. तोंड उघडायला लागला, तर मी अहवालाची वाट बघणार नाही.

औषधवाले : असंच म्हणाले होते. अहवाल येऊ दे.

डॉक्टर : कोण?

मुलगी : बाबा, राहू द्या.

औषधवाले : हॉस्पिटलवाले, हिच्या आईच्या वेळी. लघवीतला संसर्ग रक्तात गेला होता. देत होते काहीतरी, पण नेमकं काय लागू पडेल ते अहवाल आल्यावर, म्हणाले. मी शहाण्यासारखा थांबलो. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी कागद हातात आला. आता मी थांबणार नाही, डॉक्टर.

डॉक्टर : काय होतं त्या कागदात?

औषधवाले : तुम्हाला काय करायचंय?

डॉक्टर : तुम्हाला वाचता येतो तो कागद, म्हणून विचारलं.

औषधवाले : अकरा औषधांची नावं होती. अकराही नावांपुढे एकच शब्द. निष्प्रभ.

मुलगी : हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही. त्यांनी उशीर केला म्हणालात. दीड वर्ष मी त्या लोकांना शिव्याशाप देतेय.

औषधवाले : काय सांगणार होतो, पोरी? त्यांतली सहा मी तिला घरीच दिली होती. जळजळ झाली, की दोन गोळ्या. थांबली, की पाकीट कपाटात. डॉक्टरकडे जा म्हटलं, तर म्हणायची, तुम्ही आहात ना.



डॉक्टर : तेवढ्यामुळेच झालं, असं मी म्हणणार नाही, काका. त्याचा काही संबंध नाही, असंही म्हणता येणार नाही मला.

औषधवाले : बरं झालं बोललात. जो तो म्हणतो, तुमचा काय दोष. ही बाटली ठेवा तुमच्याकडे.

मुलगी : ही कुठली आता?

औषधवाले : तेच भारीतलं औषध, दुकानातून आणलेलं. यांनी नाही म्हटलं, तर घरी जाऊन मीच टोचणार होतो. घ्या डॉक्टर नमुना. मान मी धरतो.

डॉक्टर : हलक्या हातानं. असंच... झालं. आता याला उबेच्या पेटीत ठेवते. तुम्ही घरी जा, मी कळवीन.

औषधवाले : इथे बसलो तर चालेल? तोंड मिटलेलं आहे ना, तेवढं बघत.

डॉक्टर : बसा.

मुलगी : थोडं सरका, बाबा.