जोडप्याचा पगार

माझं माहेर वेल्ह्याच्या वरल्या अंगाला, डोंगरात. लगीन करून दिलं वरवे गावाला. ह्यांच्या वाटणीला दोन खाचरं आली, त्यात भागंना, म्हणून लेकीचं लगीन झाल्यावर आमी दोघं हितं धरणाकडंच्या फार्महाऊसवर राखणीला आलो. पुण्याचं साहेब हायेत. पयल्याच दिवशी म्हनले, जोडपंच पाहिजे, एकटा गडी नको. पगार ठरला तो ह्यांचा, वर राह्यला खोली. माझं काय, ते त्यांनी काढलं न्हाई आन आमी इचारलं न्हाई. बैलाबरूबर शेपूट येतंच की, तसं.

आन काम काय सांगू तुमाला, झाडलोट, धुनं-भांडी, शनिवार आला की पावनं. घरात ग्यास हाय, पर त्यांना चुलीवरचंच पाहिजे, पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा. मोबाईलवर फोटू काढत्यात, मावशी हसा की. डोळ्यात धूर चाललाय, हसू कुठनं आनू?

औंदा ह्यांचा पाय मोडला. महिनाभर खाटंवर. मंग फाटक म्या उघडलं, पान्याची मोटार म्या चालू केली, शंभरभर आंब्याची रोपं, भर उन्हात नळी वढत म्या जगवली, आन पावन्यांच्या भाकरी हायेतच. महिना भरला, साहेबांनी अर्धाच पगार दिला. म्हनले, काका तर झोपूनच होते ना. म्या म्हनलं, साहेब, मंग काम कुणी केलं? तर बाईसाहेब हसल्या, अहो मावशी, तुम्ही तर घरच्याच. लई राग आला बगा, अंगाची लाही झाली. तवापासनं झोप न्हाई मला, पडलं की उठून बसतीया.

परवा म्याच फोन लावला बाईसाहेबांना. म्हनलं, माझा पगार येगळा द्या, न्हाईतर चूल बंद. त्या म्हनल्या, साहेबांना विचारते. त्यावर फोनच न्हाई. आमचं हे म्हनत्यात, गप ऱ्हा, खोली जाईल, ह्या पायानं कुठं जाऊ मी? त्यांचं बी खरं हाय. म्हाताऱ्या मानसाला घेऊन कुठं जायचं, मला तरी कुठं ठावं हाय?

उद्या शनिवार. सकाळधरनं आत-बाहेर करतीया, हात कशाला लागंना. देव साहेबांचं भलं करो, त्यांची लेकरंबाळं सुखात ऱ्हावोत. पर उद्या गाडी आली की फाटक उघडीन, पानी दीन, आन चुलीम्होरं काय बसायची न्हाई.