तिसऱ्या खडकावरची टोपी

डिंप्ना: अगं बाई! कोल्मन, टॉवेल सोड. कोणी येत नाहीये, मेंढी होती ती.

कोल्मन: मेंढी असली म्हणून काय झालं? मेंढीला मालक असतो.

डिंप्ना: तीन उन्हाळे येतोयस इथे, आणि अजून मेंढीला लाजतोस!

कोल्मन: मी मुख्याध्यापक होतो, डिंप्ना. अर्ध्या वेक्सफर्ड गावाला ‘शर्ट आत खोच’ म्हणून ओरडलोय. त्यातल्या एकानं जरी मला या अवतारात पाहिलं ना...

डिंप्ना: तर विचारेल, सर, तुमचा शर्ट कुठाय?

कोल्मन: हस, हस. तोंड दाखवायला जागा उरणार नाही मला.

डिंप्ना: तोंड कोण बघतंय! बरं, ते सोड. टोपीवाले आजोबा का आले नसतील? गुरुवार चुकवत नाहीत ते. त्यांचा तिसरा खडक रिकामा बघवत नाही मला.

कोल्मन: सर्दीबिर्दी झाली असेल. टोपी आणलीस ना त्यांची?

डिंप्ना: ही काय पिशवीत. मागच्या गुरुवारी विसरून गेले, भर उन्हात, बोडक्या डोक्यानं. नाव माहीत असतं तर घरी नेऊन दिली असती.

कोल्मन: पहिल्याच दिवशी बजावलं होतं त्यांनी. इथे नाव विचारायचं नाही, कॅमेरा काढायचा नाही, टॉवेलशिवाय बसायचं नाही. आणि कुत्रा फिरवणारं कोणी दिसलं की तोच टॉवेल वर घ्यायचा.

डिंप्ना: आणि काळ्या खडकापलीकडे पोहायचं नाही. ते तू ऐकलं नाहीस.

कोल्मन: एकदाच!

डिंप्ना: एकदाच. ऐंशीच्या घरातल्या माणसानं तुला बखोटीला धरून बाहेर काढलं. ते नसते तर मी आज विधवा असते. चल, भरती चढतेय. केस वाळतील वाटेत.

(चर्चचं आवार. दारापासून फाटकापर्यंत माणसांची रांग.)

कोल्मन: मेलो!

डिंप्ना: तू नाही, दुसरं कोणीतरी. शववाहिनी आहे ती.

कोल्मन: आणि लावलीय कुठे बघ, आपल्या गाडीच्या नाकासमोर! ‘गाडी चर्चमागे लावा, लोकांना वाटेल प्रार्थनेला आलात.’ ही अक्कल कोणाची?

डिंप्ना: आजोबांची. आणि तीन वर्षं कामाला आलीच ना?

कोल्मन: माझी पँट गाडीत आहे, डिंप्ना! मी पोपटांच्या चड्डीत आहे! हिरव्या पोपटांच्या!

डिंप्ना: मग मान खाली घाल, चेहरा पाड आणि रांगेच्या कडेकडेनं गाडीकडे चल. कोणाकडे बघू नकोस.

कोल्मन: फार वाईट झालं हो... फार वाईट झालं...

डिंप्ना: कोल्मन! हात का मिळवतोयस?

कोल्मन: आपोआप झालं! समोर हात आला, मी मिळवला. मयताच्या घरच्यांचा हात बघून आपल्याकडचा माणूस तसाच पुढे जाईल का?

डिंप्ना: झालं! घरचे सगळे ओळीनं उभे आहेत. एकाचा मिळवलास, आता शेवटच्यापर्यंत जावंच लागणार. निदान गेलंय कोण ते तरी बघ. हा कागद वाटतायत.

कोल्मन: मॅलकी रोश. शिंपी. ‘आयुष्यभर साऱ्या गावाला नीटनेटकं ठेवलं.’ फोटो बघ, कोट, जाकीट, टाय, खिशात रुमाल. काय रुबाब आहे!

डिंप्ना: चेहरा कुठेतरी पाहिलाय.

कोल्मन: छे! इतका सुटाबुटातला माणूस आपल्या ओळखीत नाही.

डिंप्ना: थांब. हनुवटीखाली अंगठा ठेव. सूट झाक.

कोल्मन: ठेवला. आता... अरे देवा.

डिंप्ना: आजोबा.

कोल्मन: आपले आजोबा. शिंपी होते, डिंप्ना! शिंपी!

डिंप्ना: हसू नकोस रे. मला रडू येतंय.

कोल्मन: मलाही येतंय, म्हणून तर हसतोय. पूस डोळे. ती काळ्या शालीतली त्यांची बायको असणार. आपलीच पाळी आहे. फार वाईट झालं हो, बाई.

नॉरीन: आभारी आहे. मी नॉरीन, मॅलकीची बायको. तुम्हाला ओळखलं नाही मी. आणि या बाई कोण?

कोल्मन: ही माझी बायको. आम्ही जरा लांबचे. मॅलकींशी आमचं... हवापाण्याचं बोलणं व्हायचं.

नॉरीन: तुमचे केस ओले आहेत, बाई.

डिंप्ना: हो, ते जरा...

नॉरीन: आणि पिशवीतून ती टोपी दिसतेय, ती माझ्या नवऱ्याची आहे. मी विकत घेतलेली. दोन दिवस घर पालथं घातलं. त्याची आठवण म्हणून वेदीवर ठेवायला कात्री आणि मापाची फीत सापडली, टोपी सापडेना. तर ती तुमच्याकडे!

डिंप्ना: ते विसरले होते हो, गुरुवारी.

नॉरीन: गुरुवारी. तीस वर्षं गुरुवारी तो ‘कापडवाल्याकडे जातो’ म्हणून निघायचा आणि ओल्या केसांनी परत यायचा. पोहायला जातोस का, विचारलं तर नाही म्हणायचा. मी कपाट बघितलं. पोहायची चड्डी नाही. एकसुद्धा नाही! म्हणजे पोहायला जात नव्हता. मग केस कुठे भिजायचे? कोणाच्या न्हाणीघरात?

डिंप्ना: अहो, भलतंच काय!

नॉरीन: मला माहीत होतं, ती आज येणार. सकाळपासून एकेकीचं तोंड बघतेय. पण नवऱ्याला सोबत घेऊन येईल असं वाटलं नव्हतं. आणि तेही पोपटांच्या चड्डीत!

डिंप्ना: कोल्मन, बोल काहीतरी.

कोल्मन: सगळे बघतायत.

डिंप्ना: ती बाई तीस वर्षं जळतेय, आणि तुला चड्डीची पडलीय?

कोल्मन: नॉरीनबाई, ऐका. बाई नव्हती. समुद्र होता. कड्याखाली एक खाडी आहे, तिथे आम्ही आठ-दहा जण जातो. कपड्यांवाचून पोहतो, म्हणून चड्डी सापडली नाही तुम्हाला! नागडे, नॉरीनबाई! आम्ही सगळे नागडे!

डिंप्ना: हळू! फादर पायरीवरून पडतील.

कोल्मन: पडू देत! बुडत होतो मी, तुमच्या माणसानं बाहेर काढलं. त्यांच्यावर हा डाग नको.

नॉरीन: नागडा? माझा मॅलकी? बाहीचं बटण उघडं राहिलं तर जेवायला बसत नसे तो!

डिंप्ना: तिथे सर्वांत आधी तेच कपडे काढायचे. घडी मात्र अशी घालायचे, इस्त्री केल्यासारखी. वर एक दगड ठेवायचे.

नॉरीन: हो. घडी त्याचीच. अरे माझ्या देवा. तीस वर्षं मी त्या न्हाणीघरातल्या बाईला शिव्या घातल्या. मला का नाही सांगितलं?

डिंप्ना: लाजले असतील. एकदा म्हणाले होते, ‘माझी नॉरीन पाण्याला घाबरत नाही, लोकांना घाबरते.’

नॉरीन: असं म्हणाला? माझं नाव घेऊन?

कोल्मन: तिथे कोणी नाव सांगत नाही. तुमचं तेवढं सांगितलं त्यांनी.

नॉरीन: मागच्या गुरुवारी डोकं लालबुंद करून आला. काही विचारलं नाही मी, नुसतं मलम लावलं. रविवारी झोपेतच गेला. पाणी फार गार असतं का हो?

डिंप्ना: पहिल्यांदा जीव जातो. अगं बाई, तसं नव्हतं म्हणायचं मला!

नॉरीन: असू द्या. मॅलकी असता तर हसला असता. आणि बसायचा कुठे?

डिंप्ना: तिसऱ्या खडकावर. दुसरं कोणी तिथे बसत नाही.

नॉरीन: गुरुवारी काय घेऊन यायचं असतं?

कोल्मन: टॉवेल. बस, तेवढंच.

डिंप्ना: ही घ्या टोपी. वेदीवर ठेवायची होती ना?

नॉरीन: नको. कात्री पुरे. ऊन असतं ना तिथे? मला लागेल.