दहावा सेल

हॅलो?… कोण, मल्लव्वा मावशी? हो, हो… मी शिवलीला. प्रयोगशाळेतच आहे की. धनलक्ष्मीची बोटं कशी आहेत?… तिन्ही भाजलीत?… पट्टी बदलताना लई रडली?

नको ओ मावशी, आभार कसले. आगीवर वाळू मी टाकली, खरंय. दवाखान्यात मीच नेलं. म्हणून काय…

काय? लेकीला गावी, मंद्रूपला परत नेताय? कायमचं?… अहो, ऐका ना! वेंधळी आहे असं कोण म्हणालं? सर?… आणि तीही ‘माझंच चुकलं’ म्हणाली? तसं लिहून सही देणार?… डाव्या हातानं?…

मावशी, ती वेंधळी नाही. रडू नका, आधी ऐका. तुमी अंगण सारवता ना? हात कुठं पातळ फिरला, तर मुंग्या तिथूनच वर येतात की नाही?… हां, तसंच. आमच्या बॅटरीत लिथियमचा पत्रा असतो, चांदीवानी, लोण्यासारखा मऊ. चार्ज करताना त्याला काटे फुटतात. मधला पडदा फाडून पलीकडं टेकले, की आग. काटे येऊ नयेत म्हणून वर लेप द्यायचा… व्हय, लेप माझाच. चार वर्षं तेच करतेय.

दहा सेल केले होते मी, बटणाएवढे. त्यातले नऊ दोनशे-दोनशे वेळा चार्ज झाले, काही झालं नाही. दहावा साठाव्या चार्जलाच गेला. उघडला, तर लेपाला चीर, पडद्याला भोक… नाही, तिनं नाही बघितलं. कुणालाच दाखवला नाही. वहीत लिहिलं, ‘सेल दाबून बंद करताना हात हलला’, आणि निकालांच्या तक्त्यातून काढून टाकला.

हात हलला नव्हता, मावशी.

तिनं माझा तक्ता बघून मोठा सेल केला. अगदी मी लिहिलं तस्साच. तोच पेटला. “अक्कानं केलंय म्हणजे पक्कं,” म्हणाली. मी नुसती हसले…

द्या मावशी, शिव्या द्या…

हो… हो, सरांना सांगते… उद्या नाही, आत्ता. वही हातातच आहे… माझी पदवी? जाईल कदाचित. नका ओ मावशी, तुमी माझी काळजी करू नका, लाज वाटते. तिला एवढंच सांगा, सही करू नको… नाही, फोन तिला नका देऊ. मावशी, नको ना…

धना?… हो. ऐकलंस तू सगळं?… धना, मी… काय?… त्या दहाव्याचा लेप किती जाड होता?

…मोजलाच नाही गं.

आहे तो सेल. डबीत ठेवलाय. फेकवला नाही मला… हो, मोजते. आधी सरांकडं जाते, मग मोजते. ठेव.